घाडीकाकांचा अँगल

आमच्या चाळीत सकाळी संडासच्या रांगेत हेल्मेट घालून उभा राहणारा एकच माणूस आहे. वसंत घाडी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या एका हातात डालडाचा जुना डबा होता, अंगात गंजीफ्रॉक, कमरेला लुंगी आणि डोक्यावर काळं हेल्मेट. हेल्मेटच्या टाळूवर काड्यापेटीएवढा कॅमेरा चिकटवलेला आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

रांगेतल्या सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे केली होती. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "काका, चालू आहे का हो हा?"

"टेस्टिंग चालू हा," घाडीकाका म्हणाले आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून मान सावकाश फिरवली. "घाबरू नकात. हयसर काय उजेड नाय, काय्येक दिसाचा नाय."

मी नायगावच्या या चाळीत राहायला येऊन तीनेक वर्षं झाली. शेजारच्या चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहिले. आमची अजून उभी आहे, कधी पडेल ते पाडणाऱ्यालाही माहीत नसावं. माझ्या खोलीला लागून घाडीकाकांची खोली. परळच्या एका हॉस्पिटलात ते आयुष्यभर लिफ्टमन होते. रिटायर झाल्यावर मोटरसायकलचा एवढा सोस का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आयुष्यभर वर-खाली केलंय रे. आता जरा पुढे जाव दे."

मोटरसायकल म्हणजे एक जुनीपुराणी राखाडी गाडी. चालू झाली की चाळीतली कबुतरं उडतात आणि काका सायकलवाल्याला साइड देत जातात. अशा गाडीवरून रपेटीचं शूटिंग करायचं या माणसाच्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे. दुबईहून पुतण्याने कॅमेरा आणला आणि आमच्या मजल्याची शांतता संपली.

कारण प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हता, तो लावायचा कुठे याचा होता. "अँगल महत्त्वाचो," हे काकांचं ब्रीद. चहात साखर कमी पडली तरी ते अँगलवर घसरत.

हेल्मेटच्या टाळूवर लावलेला कॅमेरा त्यांच्याच खोलीच्या चौकटीला आपटून काकूंच्या पोह्यांत पडला. तो धुऊन पुसून, कुणाच्या तरी कमरेच्या पट्ट्याने छातीवर बांधला. मला व्हिडिओ बघायला बोलावलं. पडद्यावर पेट्रोलची टाकी दिसत होती आणि ती सारखी वर-खाली होत होती.

"काका, रस्ता कुठे आहे?"

"रस्तो पुढे हा. मधे पोट येता."

मग आरशाच्या दांडीवर. त्यात सबंध परळ भूकंपात सापडल्यासारखं थरथरत होतं. दांडीचे हादरे कमी व्हावेत म्हणून काकांनी मध्ये रबर घातलं, तेव्हा व्हिडिओ खरंच सुधारला. त्याच दुपारी काकू गॅलरीत आल्या आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या कुकराचो रबर खंय गेलो? डाळ शिजत नाय, शिटी होत नाय आणि हे आपले शूटिंग करतत!"

"अगो, अँगल..."

"अँगल घाला चुलीत!"

मला एक कळेना. आरशावरचा व्हिडिओ चांगला आला होता. रस्ता दिसत होता, गाड्या दिसत होत्या, लालबागचा पूल दिसत होता. माणसाला आणखी काय पाहिजे? पण काकांनी तो एकदाच कुणाला तरी दाखवायला नेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. "नाय जमला," एवढंच म्हणाले. मग खिडकीच्या पडद्याचा जुना स्टीलचा रॉड उचलून खाली गेले.

संध्याकाळी पाहतो तर गाडीच्या मागच्या कॅरिअरला तो रॉड उभा बांधलेला, त्याच्या टोकाला कॅमेरा. कॅमेरा काकांच्या उजव्या खांद्यावरून पुढे डोकावत होता. गाडी कमी आणि पोलिसांच्या वायरलेस व्हॅनची अँटेना जास्त वाटत होती. दादरला ट्रॅफिक हवालदाराने शिटी मारून थांबवलंच.

"हे काय आहे?"

"कॅमेरो."

"कुणाला शूट करताय?"

"माका. मागसून."

हवालदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं, वय पाहिलं, आणि हात जोडून जायला सांगितलं.

व्हिडिओ पाहून मी म्हटलं, "काका, रस्ता छान आलाय. पण अर्ध्या पडद्यावर तुमचा कान आणि हेल्मेट आहे. जरा बाजूला घ्या ना."

"कान होयो," काका म्हणाले.

"कान कशाला पाहिजे?"

"तुका काय कळता?" त्यांनी कॅमेरा लुंगीच्या सोग्याने पुसला. "थोडो खाली घेवक होयो. उंची जरा जास्त झाली."

गेल्या रविवारी त्यांनी मला मच्छीमार नगरला चलायचा आग्रह केला. त्यांच्या मागच्या सीटवर रॉडचं राज्य असल्यामुळे मी माझ्या स्कूटरवरून मागे. लालबाग, भायखळा करत रे रोडला लाकडाच्या वखारींपाशी ते थांबले, कॅमेरा चालू ठेवून उगाच उभे राहिले आणि पुढे निघाले. वाटेत प्रत्येक खड्ड्याआधी ओरडायचे, "खड्डो इलो!" मला वाटलं मला सांगताहेत. मी हात करून दाखवायचो. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

कफ परेडला मच्छीमार नगरात शिरलो. गल्लीत दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. काका मान खाली घालून दोरीखालून सफाईने गेले. रॉडला मान खाली घालता येत नव्हती. दोरी अडकली, एका टोकाची गाठ सुटली, आणि घाडीकाका लग्नाच्या वरातीसारखे पुढे, मागे बोंबलांचं तोरण.

"ए हेल्मेट!" एक कोळीण ओरडत धावली. "माझे बोंबील कुठं घेऊन चाललास?"

काका थांबले. "मावशी, चुकी झाली. पण बघा, व्हिडिओत येशात तुम्ही."

"व्हिडिओ घाल खाडीत! बोंबील उचल आधी!"

आम्ही दोघांनी वाकून वाकून बोंबील गोळा केले. मावशी कमरेवर हात ठेवून देखरेख करत होत्या. मातीत पडलेले काकांनी मुकाट्याने विकत घेतले, चांगल्यातलेही वर थोडे घेतले आणि सांगितलं, "दोन पिशयो करा. अर्धे-अर्धे."

"दोन कशाला?" मी विचारलं.

"लागतत."

नायगावला परतलो तेव्हा ते चाळीकडे वळलेच नाहीत. नव्या टॉवरच्या गेटातून आत गेले. रॉडवरचा कॅमेरा सोडवला, एक पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "चल वर."

दार एका चाळिशीच्या बाईने उघडलं. "या काका. बाबा सकाळपासून विचारताहेत."

आत खिडकीपाशी खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मोठा टीव्ही. गृहस्थांचा डावा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. आम्हाला पाहून तोंडाची एक बाजू हसली.

"आलास? उशीर केलास," ते म्हणाले. शब्द थोडे जड येत होते. "बोंबील?"

"आणलंय. जरा मातयेत पडले."

"तुझ्यासारखेच."

हे मिलिंद कांबळे. काकांनी माझी ओळख करून दिली, कॅमेरा टीव्हीला जोडला आणि एक बुटकं स्टूल ओढून कांबळेंच्या खुर्चीच्या अगदी पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून बसले. घर एवढं मोठं, सोफा रिकामा.

टीव्हीवर काकांचा भलामोठा कान आला.

"हेल्मेट धुतोस का रे कधी?" कांबळे म्हणाले.

"गप बस. निघालाव."

कांबळेंची मुलगी मला पाणी द्यायला म्हणून आत घेऊन गेली. हळू आवाजात सांगू लागली. "गाडी दोघांची आहे. तरुणपणी अर्धी-अर्धी घेतलेली. बाबांना चालवता कधी आलीच नाही, ते कायम मागे बसायचे. दर रविवारी मच्छीमार नगर, ठरलेलं. पॅरालिसिसचा अॅटॅक आल्यापासून बाबांचा तोल जातो, गाडीवर बसणं बंद." ती जरा हसली. "काकांनी आधी आरशावरून काढलेला व्हिडिओ आणला होता. बाबांनी बंद करायला लावला. म्हणाले, मला गाडी चालवता येत नाही, मी पुढे बसून काय करू?"

मी बाहेर आलो. टीव्हीवर आता बरोबर तेच दिसत होतं, जे मागे बसलेल्या माणसाला दिसतं. समोरच्याचा कान, खांदा आणि त्याच्या पलीकडे रस्ता.

"खड्डो इलो!" टीव्हीतले काका ओरडले, आणि खुर्चीतले कांबळे जरासे उचलले गेले.

वखारी आल्या तसा कांबळेंनी लांब श्वास घेतला. "वास तेवढा नाही आला," म्हणाले.

"पुढच्या टायमाक एक फळी आणतंय," काका पाठमोरेच म्हणाले.

गाडी डावीकडे वळली, तसे दोघेही डावीकडे कलले. खुर्चीतला एक, स्टुलावरचा एक. गाडी सरळ झाली, दोघे सरळ झाले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून वडिलांच्या तोलावर नजर ठेवून होती.

पुढे एका सिग्नलला गाडी थांबली. लाल दिवा. समोर टॅक्सी, तिच्या मागच्या काचेत कुणाची तरी छत्री. काही घडत नव्हतं. मी म्हटलं, "हे जरा पुढे ढकलूया का?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाण्याचा ग्लास पुन्हा उचलला.

"सिग्नल हा," घाडीकाका म्हणाले.

आम्ही चौघेही तो सिग्नल सुटायची वाट पाहत राहिलो. कांबळे बसमध्ये कंडक्टर होते, हे मला नंतर कळलं. दिवा हिरवा झाला. कांबळेंचा चांगला, उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला, पुढ्यातल्या घाडीकाकांच्या खांद्यावर आला आणि त्याने दोनदा टकटक केलं.

"चला," कांबळे म्हणाले.

काकांनी स्टुलावर बसल्या बसल्या पायाने गिअर टाकला.