जयंतीकाका माणसं हलवतात

कॉम्प्युटरवरच्या फाइली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात असल्या की जयंतीकाका घरात कुणाला मोठ्याने बोलू देत नाहीत. चपला दाराबाहेर काढून ठेवतात, पंखा एकवर आणतात आणि पडद्यावरच्या त्या हिरव्या पट्टीसमोर, बाळाला नुकती झोप लागत असताना बसावं तसे बसतात. कुणी आलंच तर ओठांवर बोट. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा आत कुणी आजारी आहे का, असं विचारलं होतं. ते कुजबुजले, "शांतीने, दीकरा. माणसं येतायत."

जयंतीकाका डहाणूतले आमचे शेजारी. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ, आणि स्टुडिओच्या मागे घर. लहानपणी उंबरगावच्या पलीकडून मामाचा हात धरून आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत गुजराती अशी मिसळलीय की त्यांनाही ती आता वेगळी काढता येत नाही. धाकटी डहाणूच्या होड्यांपासून तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यांपर्यंत, ज्याच्या घरी लग्न झालं त्याच्या घरी काका कॅमेरा घेऊन जाऊन आलेत. स्वतः मात्र लग्न केलं नाही. आईने एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, लग्नसराईत मला वेळ नव्हता आणि बाकीच्या महिन्यांत मुहूर्त नव्हते.

स्टुडिओत त्यांचा एक जुना पडदा आहे. त्यावर निळाशार धबधबा रंगवलाय. आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं या धबधब्यासमोर उभी राहून आयुष्यात एकदा तरी फोटो काढून गेली आहेत. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी माझ्या बहिणीचा फोटो पाहून हा धबधबा डहाणूत नेमका कुठे आहे, उद्या सकाळी जाऊन यावं म्हणतो, असं विचारलं होतं. काकांनी त्यांना अगदी मनापासून सांगितलं की उन्हाळ्यात त्याला पाणी नसतं.

तर हे फोटो. सगळे एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये होते. खाऱ्या हवेने तो असा खाल्ला होता की वायरीचं एक सोडून मागची सगळी भोकं गंजून बंद झाली, चित्र दिसायचं थांबलं आणि आतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येऊ लागली. ती टिकटिक मला आवडली नाही. मी गावातल्या एका पतपेढीत कॉम्प्युटर सांभाळते, त्यामुळे आवाज कसला हे मला कळत होतं. डिस्क जायला आली होती. मी म्हटलं, खोलून बघू. काका म्हणाले, खोलल्यावर परत मिटला नाही तर? मी पेचकस परत पिशवीत टाकला. त्यांनी नवा कॉम्प्युटर आणला, तो समुद्रापासून लांब म्हणून मागच्या खोलीत, चिकूच्या झाडांकडे ठेवला आणि दोघांच्या मधे स्वतःच एक लांब वायर टाकली. जुना आंधळा असला तरी मुका नव्हता. नव्याने विचारलं की तो एकेक फोटो हातात द्यायचा. फक्त फार सावकाश.

किती सावकाश, हे त्या नव्या पडद्यालाही सांगता येत नव्हतं. अजून दोन तास, म्हणायचा. मग चार दिवस. मग दहा मिनिटं. काका या आकड्यांवर चहा ठेवायचे आणि फसायचे. वेग का कमी, याची त्यांची स्वतःची कारणं होती. भरतीला फाइली बऱ्या चालतात, ओहोटीला रेंगाळतात. चिकू उतरवायला माणसं आली की बुजतात. मी एकदा हसले तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू पतपेढीतली. तुझ्याकडे आकडे जातात, माझ्याकडे वऱ्हाड."

एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाने घरी परतले. काकांच्या पायरीवर एक माणूस बसला होता. नाव रावजी, तलासरीकडच्या एका पाड्यावरून आलेला, शेतात नि मिळेल त्या मजुरीला जाणारा. आई वारली होती. दुसऱ्या दिवशी तिचं दिवसकार्य होतं आणि पाटावर ठेवायला घरात तिचा फोटो नव्हता. मोठ्या भावाच्या लग्नात काकांनी फोटो काढले होते, हे कुणाला तरी आठवलं, म्हणून तो बस धरून आला होता.

हे काही नवीन नव्हतं. काकांकडे फोटो काढायला येतात त्याहून जास्त लोक आता फोटो मागायला येतात. जिवंतपणी ज्यांच्याकडे कुणी कॅमेरा धरला नाही, अशी माणसं दुसऱ्याच्या लग्नात, गर्दीत, ताट हातात घेऊन कुठेतरी उभी असतात. काका त्यांना तिथून हळूच वेगळी काढतात. म्हणून एकही फोटो ते पुसत नाहीत. डोळे मिटलेले, हललेले, अर्धं डोकं कापलेलेसुद्धा.

"आधार कार्डावर हाय फोटो," रावजी मला म्हणाला. "पन त्यात ती आईसारखी दिसत नाय."

काकांनी त्याला आत घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं. रावजीने पूजा चाललीय असं समजून टोपी काढली आणि जमिनीवर मांडी घालून बसला. समोर हिरवी पट्टी. त्याच्या पाड्याचे फोटो अजून आले नव्हते, मधे कुणाच्या तरी लग्नाचा भलामोठा व्हिडिओ अडकून बसला होता. तो थांबवून जुन्यातलंच पाड्याचं फोल्डर इथून उघडलं, तर फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन. एक भरायचा, आणि पुढच्याची वाट बघत आम्ही तिघं वाऱ्याने हलणारी चिकूची पानं बघत राहायचो. संध्याकाळची बस रावजीला गाठायची होती. त्या टिकटिकीचं तर काहीच सांगता येत नव्हतं.

मी पिशवी खाली ठेवली आणि शोधायला लागले. नव्या कॉम्प्युटरला जोडणीचा वेग विचारला, तर त्याने सांगितलेला आकडा पाहून मला त्याची दया आली. मग पुढच्या खोलीत गेले. तिथे जुन्याच्या शेजारी वायरी जोडायचा डबा होता, त्यावरचा दिवा हिरवा हवा तिथे पिवळा जळत होता. भोक बदलून पाहिलं, तरी पिवळाच. शेवटी माझा लॅपटॉप तिथेच आणून आखूड वायरने डब्याला लावला. रावजीच्या पाड्याचे दोन फोटो झरकन येऊन उभे राहिले. म्हणजे जुना म्हातारा ठीक होता, डबाही ठीक होता. दुखणं मधल्या लांब वायरीत होतं.

वायर खिडकीतून बाहेर पडून, चिकूच्या झाडावरून मागच्या खोलीत जात होती. मी परसात गेले आणि थांबले. अंगणात दुपारचं सोनेरी ऊन, आणि त्या उन्हात चिकूच्या दोन झाडांमध्ये हवेत एक धबधबा सावकाश हलत होता. काकांनी दमट झालेला पडदा वायरीवर वाळत घातला होता. चिमटे लावून.

"तार रिकामी होती," काका म्हणाले.

त्या ओझ्याने खिडकीपाशी वायर ताणून जॅकमधून निम्मी बाहेर आली होती. तिच्यात बारीक आठ तारा असतात. काही तुटल्या तरी उरलेल्या काम रेटतात, पण लंगडत. मी धबधबा उतरवला, झाडाच्या फांदीवर टाकला आणि टोक कापायला पक्कड काढली, तसा काकांनी माझा हात धरला. वायर कापली तर वाटेत असलेली माणसं कुठे जातील, हा त्यांचा प्रश्न होता. चेहरा इतका घाबरलेला की मला हसू आलं नाही. मी सांगितलं की कुणी वाटेत नसतं, काका. इथली इथेच राहतात. तिकडे जातात ती त्यांच्यासारखीच दुसरी.

"म्हणजे ती दोन्ही ठिकाणी असतात?"

"हो."

ते विचारात पडले. मग हात सोडला. "हे बेस आहे," म्हणाले. "मला कुणी बोललंच नाही."

नवा जॅक बसवला. दिवा हिरवा झाला. मागच्या खोलीत पांढरे चौकोन एकदम भरू लागले, इतके की काका खुर्चीतून उठले आणि एक हात पडद्यापुढे धरून उभे राहिले, पडणाऱ्याला सावरावं तसे. मांडव, तारपा फुंकणारा, हळदीचे हात, पत्रावळींची ओळ, पोरांची ओळ, हसणारं कुणी, रुसलेलं कुणी. सगळा पाडा त्या लहानशा खोलीत येऊन दाटीवाटीने बसला. रावजी एकेकाला नावाने ओळखत होता. हा काका. ही सोनी, आता सासरी. हा बैल गेला.

आई मात्र सापडेना. पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत नाही. मग काकांनीच एका फोटोवर बोट ठेवलं. नवरदेवाच्या मागे, मांडवाच्या खांबाला टेकून एक बाई तोंडावर हात धरून हसत होती. हात तोंडावर, पण हसू डोळ्यांतून बाहेर सांडलेलं. रावजी म्हणाला, ही नाय. मग जवळ सरकला.

"हीच हाय," तो म्हणाला. "आई अशी हसत होती, ते मला म्हाईतच नव्हतं."

काकांनी तिला अलगद मोठं केलं. हात काढू का, एवढंच त्यांनी विचारलं. तसं करता येतं हल्ली. रावजी नको म्हणाला. फोटो छापून झाला, काकांनी तो पुठ्ठ्यात घालून, पिशवीत गुंडाळून दिला, स्टँडपर्यंत रिक्षाही करून दिली. रिक्षा वळेपर्यंत रावजी पिशवी मांडीवर सपाट धरून बसलेला दिसत होता.

मी रस्त्यावरून आत आले तेव्हा काका पडद्यासमोर होते. फोटो अजून येत होते, पण ते पट्टीकडे बघत नव्हते. समुद्राकडून वारा सुटला होता, सुरूच्या झाडांचा तो लांबचा आवाज येत होता. मी निघते म्हटलं. ते म्हणाले, एक काम आहे. या सगळ्यात मी कुठे दिसतो का, बघ जरा.

मी बघू लागले. पाड्यांमागून पाडे, लग्नांमागून लग्नं. काका कुठेच नव्हते. असणार कसे? एका नवरीच्या आरशात कॅमेऱ्याचा लखलखाट होता, त्यामागे कोण ते कळत नव्हतं. बऱ्याच फोटोंत खाली, मातीवर, एक लांब सावली मात्र होती. कोपर बाहेर काढलेली, डोक्याच्या जागी कॅमेरा. संध्याकाळच्या फोटोंत ती माणसांच्या पायांपर्यंत पोचत होती.

"मी गेल्यावर माझा फोटो मागायला कोण येणार, असा विचार आला," काका म्हणाले. बस किती वाजता आहे, हे विचारावं तसं म्हणाले.

मी त्यांचाच कॅमेरा उचलला, त्यांना परसात नेलं आणि झाडाखाली खुर्ची टाकली. धबधबा मागे लावू का विचारलं, तर म्हणाले, नको, उन्हाळ्यात पाणी नसतं. लोकांना हनुवटी वर, खांदे खाली असं सांगत जन्म काढलेला हा माणूस स्वतःचे हात कुठे ठेवायचे या काळजीत पडला. मांडीवर ठेवले, घडी घातली, परत काढले. शेवटी एक चिकू उचलून हातात धरला. मी तेव्हाच फोटो काढला. ते चिकूकडे बघत होते, कॅमेऱ्याकडे नाही.

आत आल्यावर त्यांनी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. म्हातारा बरा आहे, म्हणाले. मग अडचण निघाली. त्यांची सगळी फोल्डरं गावांची, पाड्यांची, घरांची. लोक तसंच विचारत येतात ना, अमक्याच्या घरचा म्हणून. हा फोटो कुठे ठेवायचा? उंबरगावच्या पलीकडचं कुणी आता उरलं नव्हतं.

मी माऊस हातात घेतला आणि फोटो आमच्या घराच्या फोल्डरमध्ये टाकला. माझ्या बहिणीचं लग्न, बाबांचा शेवटचा गणपती, आईच्या माहेरचे सगळे, आणि त्यांच्यामध्ये चिकू घेऊन बसलेले जयंतीकाका.

ते पडद्याकडे वाकून एकेक चेहरा बघत राहिले.

"इथे बरीच गर्दी आहे," म्हणाले, आणि खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.