धाकट्या सरकारांच्या दाखल्याची मोहीम

"कुणी काही विचारलं की त्याच्या आधी तू बोलत जा, म्हणजे कळायचं नाही कुणाला."

ऐसी आज्ञा मातुःश्रींनी दाराआड आपल्या नऊ वर्षांच्या कन्येस केली, त्यास एकेचाळीस वर्षे लोटली. मातुःश्री निवर्तल्या, परंतु हुकूम जारीच राहिला. ती कन्या म्हणजे थोरल्या बाईसाहेब, धंद्याने शिवणकाम करणाऱ्या, आणि ज्यांच्या वतीने बोलायचे ते धाकटे बंधू बाबूसरकार. पाहुण्याने सरकारांस नाव पुसावे, बाईसाहेबांनी सांगावे. न्हाव्याने बारीक की मध्यम ऐसे पुसावे, तेही बाईसाहेबांनीच सांगावे, आणि सरकारांनी मान डोलवावी. मुलूख इतकेच जाणे की भाऊ अबोल आहे.

ऐसे असता वर्तमान आले. सरकार दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चार वर्षे रोजंदारीने चादरींच्या घड्या घालीत, आणि घडी ऐसी की कोपऱ्यास कोपरा, सुतास सूत. तेथील मुकादमांनी खलिता धाडिला की कायमची एक राखीव जागा निघाली आहे, शुक्रवारपावेतो बौद्धिक दिव्यांगत्वाचा दाखला दाखल केल्यास जागा बाबूची, न केल्यास दुसऱ्याची, आणि मग रोजंदारीही बंद.

बाईसाहेबांनी मसलत मांडली. शेजारच्या काकूंच्या लेकीस मागील साली ऐसाच दाखला मिळाला होता, सबब काकूंनी आतील खबर आणून दिली की डॉक्टरीणबाई काय काय पुसतात. ते ऐकून बाईसाहेबांच्या मनी आले की चारचौघांत भावाची शोभा होऊ नये, आणि मग अकरा दिवस शिवणयंत्राच्या पायडलावर ताल धरून पाठांतर चालले: वार सात, टेबलाचे पाय चार, महिने बारा, हाताची बोटे पाच. पाळण्याचे गाणे म्हणावे तैसे सरकार म्हणू लागले. ही परीक्षा पास झाल्यास घात आहे, हे त्या माउलीस सुचलेच नाही.

गुरुवारी प्रातःकाळी स्वारी निघाली. घाईत गळ्यातली मापाची टेप तैशीच राहिली, तीच मोत्यांच्या कंठ्याप्रमाणे मिरवीत बाईसाहेब सरकारी इस्पितळाच्या पहिल्या खिडकीवर चालून गेल्या. खिडकीने दुसरीकडे पिटाळिले, दुसरीने फोटो मागितले, आणि मग फोटो चिकटवण्यास डिंक नाही ऐसी अडचण उभी राहिली, ती रांगेतील एका आजोबांच्या गोंदाच्या बाटलीने निवारिली. दोन प्रहरी डॉक्टरीणबाईंच्या दालनात प्रवेश जाहला.

बाईंनी चार सवाल टाकिले, काकूंच्या खबरेप्रमाणे, त्याच क्रमाने. सरकारांनी चारही अचूक टिपिले.

"उत्तरं तर छान दिलीत की," बाई म्हणाल्या. "मग दाखला कशाला हवाय?"

क्षणभर बाईसाहेबांची छाती अभिमानाने फुगली, आणि दुसऱ्या क्षणी ध्यानी आले की आपल्याच तोफा आपल्याच बुरुजावर डागिल्या. आता खरे बोलावे तर भावादेखत बोलणे आले. न बोलावे तर चादरी गेल्या. त्यांनी हळूच पुसले, याला जरा बाहेर बसवू का.

"कशाला? त्यांच्याबद्दलच बोलायचंय ना? बसू देत."

बाईसाहेबांनी टेपेचे टोक मुठीत आवळिले. "ते सगळं मी पाठ करून घेतलंय, डॉक्टर. उलटीकडून विचारा."

बाईंनी उलटा मोर्चा लाविला. हाताला बोटे किती? सात. वर्षाचे महिने? चार. टेबलाला पाय? बारा. बारा म्हणताच सरकारांस स्वतःलाच नवल वाटले. त्यांनी वाकून टेबलाखाली नजर टाकिली, आणि खदखदून हसले. मग बाई हसल्या, आणि मग डोळे पुसत बाईसाहेबही हसल्या. तदनंतर ठोकळे आले, चित्रे आली, दोन तास झुंज चालली, आणि बाईसाहेबांस मध्ये न बोलण्याची सक्त ताकीद जाहली. त्या ओठांत टाचण्या धरल्यासारख्या बसून राहिल्या. एवढा मोठा वेढा त्यांनी आयुष्यात सोसला नव्हता.

सायंकाळी पाच वाजता इस्पितळाच्या वैद्यकीय मंडळाने दाखल्यावर शिक्कामोर्तब केले. शुक्रवारी सकाळी तो मुकादमांच्या हाती पडिला आणि बाबूसरकार कायम जाहले. येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ऐसे लिहून लेखणी ठेवावी, तो बाईसाहेब मुकादमांच्या कानाशी लागल्या.

"एवढं आपल्यातच ठेवा हं. बाकीच्यांना कळायला नको."

मुकादम बुचकळ्यात पडले. "काय कळायला नको?"

सरकारांनी हातातली चादर खाली ठेविली.

"ताई, सगळ्यांना माहीत आहे. मला हळू कळतं, दोनदा सांगा, असं मीच सांगितलं सगळ्यांना. पहिल्याच दिवशी."

"आणि मला नाही सांगितलंस ते?"

"सांगणार होतो," सरकार म्हणाले. "पण दर वेळी तूच आधी बोलायचीस."