बिल्ल्याचं वजन

"कल्याणची शर्यत मारली नाही, तर बापाचं नाव लावणार नाही," असं त्र्यंबकने बायकोला, उत्तराला, सांगितलं आणि त्याच दमात कचेरीचा राजीनामा दिल्याचंही सांगून टाकलं. ठाण्याच्या मैदानावरच्या गोल फेऱ्यांच्या शर्यती त्याने सलग तीन वर्षं जिंकल्या होत्या. यंदा, म्हणजे चोपन्न साली, ठाणे ते कल्याण रस्त्यावरच्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्याला मुंबईची एक सायकल कंपनी पगारावर ठेवणार होती. नुसती सायकल चालवायची आणि पगार घ्यायचा! कारकुनी कोण करतो मग?

"आणि नाही आलात पहिले, तर?" उत्तराने विचारलं.

"सगळा वजनाचा खेळ असतो. तुला नाही कळायचं."

आठवडाभर तो सायकलचं वजन उतरवत बसला. मडगार्ड गेले, घंटी गेली, कॅरियर गेलं. त्र्यंबकची मिशीही गेली. शेवटी सायकलचा कर भरून मिळालेला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला काढून त्याने देव्हाऱ्यात ठेवला.

शर्यतीत तो असा सुटला, की कल्याण दोन मैलांवर आलं तेव्हा मागे चिटपाखरू नव्हतं. पुढे मात्र धोंडीबा हवालदार उभे होते. देह भरभक्कम, काखेत कुणीतरी दिलेला लाल भोपळा.

"बिल्ला कुठाय?"

"अहो हवालदारसाहेब, शर्यत चाललीय."

"शर्यत? मग बाकीचे कुठायत?"

त्र्यंबक इतका पुढे होता, की पुरावाच उरला नव्हता. दंड भरावा तर वजन नको म्हणून खिशातली चिल्लरही घरी ठेवलेली.

"चला चौकीवर. कल्याणात, देवळाच्या पुढे."

शर्यतीची शेवटची रेषा देवळापाशीच होती. त्र्यंबकने घाम पुसला. "बसा दांड्यावर."

बिचारा जीव तोडून पायडल मारत होता. अर्ध्या वाटेवर बाकीचे अकराजण एकेक करून पुढे गेले. "खरंच शर्यत आहे की हो," धोंडीबा भोपळा सावरत म्हणाले. "आधी सांगायचं नाही का?"

त्र्यंबक बारावा आला. कंपनीचा साहेब पहिल्याला हार घालत होता, त्याने इकडे पाहिलंसुद्धा नाही. त्र्यंबकला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात भाजीच्या वखारीचे पंढरीशेठ गर्दीतून पुढे आले, धोंडीबांकडून सगळी हकीकत ऐकली आणि त्यांच्या काखेतला भोपळा उलटसुलट करून पाहिला.

"दोन मैल हवालदार आनलास, नि भोपल्याला ओरखडा नाय? उद्यापासून माझा माल पोचव. पगार देतो."

घरी आल्यावर त्र्यंबकने मान खाली घालून सगळं सांगितलं. उत्तरा हसली नाही, हे तिचे उपकारच. देव्हाऱ्यातला बिल्ला आणून तिने त्याच्या हातावर ठेवला.

"हा आधी लावा. आणि कॅरियर आता मोठं घ्या."