धोंडूनानांचा मठ

नव्या घराच्या वास्तुशांतीला लोक नारळ घेऊन जातात, धोंडूनाना ओळंबा घेऊन जात. जेवायला बसण्याआधी भिंतीला तो लावून बघत आणि म्हणत, "चांगली शे. पण आमना मठनी भिंत तीन हात जाड शे." यजमानाचा चेहरा उतरे. नाना मात्र पोळीवर तूप वाढायला सांगून मोकळे.

देवपुरातले हे गवंडी माझे शेजारी. चौदा सालच्या मोठ्या लढाईत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ सातासमुद्रापार सालोनिकाला पलटणीच्या खेचरांच्या गाड्या हाकायला गेले. परत आले एकटे नाना, डोक्यात तिथल्या डोंगरावरचा एक जुना ख्रिस्ती मठ घेऊन. तो कोणत्या राजाने बांधला, आगीत दोनदा कसा जळाला, साधूंनी घुमट पुन्हा कसा चढवला, सगळं पाठ. फक्त घुमटाला गेल्या वर्षी आठ खिडक्या होत्या, यंदा बारा झाल्या.

मी चित्रकलेचा मास्तर. मला थापा सोसत नाहीत. एका दुपारी कागद-पट्टी घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलो आणि म्हणालो, "सांगा नाना, नकाशाच काढू." त्यांची आई खांबाला टेकून ऐकत होती. तिची नजर कधीच गेली होती.

बाहेरची भिंत, वेस, घुमट झकास जमलं. आत शिरलो आणि घोटाळा झाला. जिना विहिरीत उतरला, देवघराला दारच उरलं नाही. चोर पकडल्याचा मला आनंद झाला.

"नाना, तुम्ही या मठात..."

त्यांनी माझं मनगट धरून मला अंगणात ओढलं.

"मठमा मन्हा पाय कधी लागनाच नही, मास्तर. घुमट तेवढा खालतून देखा. धाकला तापमा गया. त्याले उघडा माळवर गाडं. मायले सांगेल शे, त्याले मठमा ठेवा. आते हाई कसं सांगू?"

मला माझीच लाज वाटली. आम्ही ओसरीवर परतलो, तर म्हातारी कागदाकडे तोंड करून सावरून बसली होती.

"मास्तर, मन्हा धाकला कोठे शे त्यामा? साधू त्याना उशाशी दिवा लावतस ना?"

मी पेन्सिल उचलली, देवघराला ठळक दार काढलं आणि म्हातारीचं बोट धरून त्या दाराशी टेकवलं.

"इथे, अक्का. आतल्या बाजूला. रोज लावतात."

तिने ते बोट बराच वेळ उचललं नाही.