हनुवटीची मशागत

बायकांच्या हनुवटीवरचे केस काढायच्या जेवढ्या पद्धती आहेत, त्या सगळ्या माझ्या इंदूआत्याला शेतकीच्या भाषेत पाठ आहेत.

"वस्तरा म्हंजे कापणी. धसकटं ऱ्हात्यातच. थ्रेडिंग म्हंजे खुरपणी, येकेक तण धरून उपटायचं. वॅक्स म्हंजे ट्रॅक्टर, तणासंगं मातीबी उचलतोय. आन लेझर म्हंजे तणनाशक. मुळावर जातंय, पन येका फवारणीत भागत न्हाई."

हे ती लग्नाच्या पंगतीत, शेजारच्या अनोळखी बाईला सांगते, आणि तेही त्या बाईच्या हनुवटीकडे रोखून बघत. बाई घास अर्धवट ठेवून पदर वर ओढते. आत्याला त्याचं काही नाही. ती म्हणते, "आमच्या वळकीची येक बाई हाय, तिनं समदं करून बघितलंय."

ती ओळखीची बाई म्हणजे आत्या स्वतः.

आत्या लवळ्याला राहते. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर तिनं घरावर चार खोल्या चढवल्या आणि कॉलेजच्या मुलींना भाड्याने दिल्या. मी भुकूमला असते, बँकेत नोकरी करते. केसांच्या बाबतीत आत्याच्या खालोखाल तज्ज्ञ मीच. आमच्या घराण्याची जमीन भावकीत वाटून संपली, पण केस मात्र सगळ्यांना पुरून उरले.

मी सुरुवात ब्लीचपासून केली. मिशी गेली नाही, फक्त परदेशी झाली. मग चुलतभावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ओठावर वॅक्स करून घेतलं. कातडी सोलवटली. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी लालभडक मिशी लावून हसते आहे. बघणाऱ्याला नवरीच्या आधी मी दिसते. थ्रेडिंगला बसले की मला शिंका येतात. आमची पार्लरवाली मला बघूनच दोरा आवरायला घेते.

आत्याला दाढी येते हे मात्र मला माझी चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. पौड रस्त्याला लेझरचा दवाखाना निघाला, म्हणून मी गुपचूप रजा टाकून तिथं गेले, तर बाकावर आत्या! दोघी एकदमच म्हणालो, "गुडघा दाखवायला आलेय." मग भिंतीवरच्या गुळगुळीत हनुवटीच्या चित्राकडे दोघींचं लक्ष गेलं आणि गुडघ्यांचा विषय संपला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं समजावलं, की येताना आदल्या दिवशी वस्तरा फिरवून यायचं, पण दोरा किंवा वॅक्स नको, कारण मूळ जागेवर लागतं.

"म्हंजे काढायला यायचं, ते काढून यायचं?" आत्यानं विचारलं.

मग डॉक्टरनं तिची हनुवटी भिंगाखाली बघितली आणि हळूच म्हणाली, "आजी, लेझर काळा केस शोधतो. तुमचे पिकलेत. पांढऱ्यांना एकेका मुळाशी सुई घालून करंट द्यावा लागेल."

परतताना रिक्षात आत्या म्हणाली, "मशीन आमच्या वाटंवर यायला आन माझी दाढी म्हातारी व्हायला येकच गाठ पडली बघ."

सुईच्या वाटेला ती गेली नाही. पहाटे उठून, अंदाजानं, मामांच्या जुन्या रेझरनं ती आपली कापणी करत राहिली. "त्यास्नी शेवटपत्तुर कळलं न्हाई," हे ती अभिमानानं सांगते. मामा बाजारातून पात्यांची दोन पाकिटं आणायचे आणि एक न बोलता तिच्या तेलाच्या बाटलीमागं ठेवायचे, हेही तीच सांगते. या दोन गोष्टींची बेरीज मी तिला कधी करून दाखवली नाही.

यंदा वरच्या खोलीत ऋतुजा नावाची मुलगी राहायला आली. लातूरकडची, पहिल्या वर्षाची. तिच्या हनुवटीवर आणि गालांच्या कडेला काळे, राठ केस येत होते. कँटीनमध्ये एकदा कुणीतरी तिच्या ताटात रेझर आणून ठेवला आणि सगळं टेबल हसलं. ऋतुजा खोलीत येऊन कडी लावून बसली. कॉलेजला जाणं बंद. वडलांना फोन केला, मला घेऊन जा.

आत्यानं मला बोलावलं. "तू शिकलेली हायेस. तू सांग तिला."

मी गेले. दार उघडेना, म्हणून मी दारालाच सांगत बसले. दाराला लेझर समजावला, वॅक्सचे तोटे समजावले, हार्मोनच्या तपासण्या करून घ्यायला सांगितलं. वस्तऱ्यानं केस दाट होतात हा गैरसमजही दाराच्या मनातून काढून टाकला. 

आत्या पायरीवर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बास कर. पोरगी लाजलीय. केसांचं मागनं बघू."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा आत्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. उन्हात तिची हनुवटी चमकत होती. चांगली तांदळाच्या कणीएवढी पांढरी दाढी!

"आत्या, अगं हे काय?"

"काय म्हंजे? दाढी."

तशीच ती किराणा आणायला गेली होती, गिरणीत गेली होती, कँटीनसमोरनं मुद्दाम दोन चकरा मारून आली होती. गिरणीवाला म्हणे सारखा काट्याकडंच बघत होता. आणि मी, तज्ज्ञ बाई, तिच्याशेजारी टेकताना आधी रस्त्याकडे पाठ करून बसले.

तेवढ्यात फाटकातून ऋतुजाचे वडील आले. प्रवासानं चुरगळलेला सदरा, हातात रिकामी पिशवी. आत्यानं पाणी दिलं. त्यांची नजर तिच्या तोंडावर गेली आणि झटकन तांब्याकडे वळली.

"लेकीला न्यायला आलो."

"न्या की. आदी च्या घ्या."

ऋतुजा बॅग घेऊन जिना उतरली. तोंडावर मास्क. ती आठवडाभर गॅलरीतून सगळं बघत असावी. शेवटच्या पायरीवर थांबली.

"काकू, तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम वाढवलीत?"

"मुद्दाम कशाला? तिची ती येतीया. आजवर मुद्दाम काढत हुते."

ऋतुजा पायरीवरच बसली. हसते आहे की रडते आहे ते मास्कमुळं कळेना. वडील चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "माझ्या मायलाबी होती."

मास्क खाली आला. "आजीला? पप्पा, मला कधी बोलला नाहीत!"

"असलं कोणी सांगतंय का, बाई."

मग मात्र त्यांनी सांगितलं. आजी कशी चुलीची राख चिमटीत घेऊन केस उपटायची, शेजारीण आली की कशी डोळ्यांत धूर गेला म्हणायची. चहा दोनदा झाला. संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच परत गेले.

ऋतुजानं माझ्याकडून त्या डॉक्टरचा पत्ता घेतला. तपासण्या झाल्या, औषध सुरू झालं, लेझरही करायचं ठरलं. पण त्याच्या आधीच, केस होते तसे ठेवून, ती एका सकाळी कॉलेजला निघाली. आत्या आणि मी फाटकात उभ्या होतो. तिची रिक्षा वळणाआड गेली.

मग आत्या म्हणाली, "मी तिच्यायेवडी हुते तवा वाटायचं, आक्ख्या जगात मी येकलीच हाय आशी."

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मी कॉलेजला असताना तिच्याकडेच राहायला होते. न्हाणीघर एकच होतं, आणि पहाटे आम्ही दोघीही आळीपाळीनं आतून कडी लावून घ्यायचो.