कौसाआत्याची हलकी बंदूक

कोणतीही लांबट वस्तू हातात आली, की माझी कौसाआत्या ती आधी खांद्याला लावते. छत्री असो, केरसुणी असो, पडद्याचा दांडा असो. डावा डोळा मिटते, वस्तू डावीकडून उजवीकडं फिरवते आणि निकाल देते, "जड हाय." मुकुंदवाडीच्या बाजारात तिनं दुधी भोपळा खांद्याला लावला तेव्हा भाजीवाली म्हणाली, "आत्या, घ्यायचाय का झाडायचाय?"

"घेते. पण तोल नाय ह्याला."

आत्याला पाखरं मारायला हलकी बंदूक हवी होती. हे ऐकून गल्ली घाबरली. समोरच्या वहिनींनी मला बाजूला घेतलं. "तू शिकलेला आहेस, तूच सांग तिला. तितर मारला तर सरळ जेल."

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. त्यामुळं कायदा, इंग्रजी आणि गॅसचं बुकिंग ही खाती माझ्याकडं आहेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. मी वहिनींना समजावलं, की हे पाखरू म्हणजे मातीची बशी. यंत्र ती हवेत फेकतं, आत्या गोळी झाडून फोडते.

"मग बशीच म्हणा ना!"

ओट्यावरून ऐकणाऱ्या आत्याला ते पटलं नाही. "बशी चहाची. उडतं ते पाखरू."

घरातली बंदूक मामांची, म्हणजे आत्याच्या मालकांची. सिल्लोडकडच्या शेतात रानडुकरं यायची म्हणून घेतलेली. मामा वारले. लायसन आत्याच्या नावावर करायचं तर ट्रेनिंग लागतं, म्हणून ती दौलताबादकडच्या एका रेंजवर गेली आणि लायसन मिळालं तरी तिथलीच झाली. पण मामांची दुनळी वजनदार. थोड्या वेळानं आत्याचा हात भरून यायचा, नळी झुकायची आणि बशी मजेत वरून निघून जायची.

पुण्याचा तिचा मुलगा सुधीर वैतागला. "आई, खांदा काळानिळा करून घेतेस. रेंजवर स्पर्धा आहे ना, तिच्यात निम्मी तरी पाखरं फोडून दाखव, नाहीतर बंदूक विकून टाकू."

"व्हय. जबान दिली," आत्या म्हणाली. आणि जबान दिली की ती फिरत नाही, हे आम्हाला माहीत होतं. हरली असती तर बंदूक गेलीच असती.

दुसऱ्या दिवशी ती मला जुन्या शहरातल्या बंदुकीच्या दुकानात घेऊन गेली. "इंग्रजी लिवलेलं असंल तर वाच. बाकी गप बस."

बंदूक पारखायची तिची रीत अशी: खांद्याला लावायची आणि सुनेबद्दल बोलायला लागायचं. सुनेचं सगळं सांगून होईपर्यंत हात दुखला नाही, तर बंदूक पास. पहिली बंदूक सुनेच्या स्वयंपाकातच नापास झाली. मग दुकानदार चाचांनी सगळ्यात हलकी बारा बोअर काढली.

"अम्मा, ये हलकी है, पर लात जोर से मारती. और घुमाते-घुमाते बीच में रुक जाती."

"लातीचं मला नका सांगू. जलमभर म्हशींची धार काढलीय मी."

ती बंदूक सुनेच्या माहेरापर्यंत पोचली, पण आत्यानं खाली ठेवली. "ही नुस्ती वाऱ्यावर हाय. हातात राहत नाय."

शेवटी वीस बोअर निघाली. नळी बारीक, काडतूस लहान, धक्काही कमी. सून संपली, व्याही संपले, विहीणबाई सुरू झाल्या, नळी जागची हलली नाही. चाचा गल्ल्यावर कोपर टेकून ऐकत होते. "फिर समधन क्या बोली?"

"हीच घ्यायची," आत्या म्हणाली. खांद्याला टेकायचा दस्ता तिच्या हाताला लांब पडत होता, तो जरा कापून मागं रबर लावून घेतलं. मी नळीवरचं इंग्रजी मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी आत्या पदर खोचून, सुधीरचे जुने बूट घालून उभी राहिली. मी मोबाइल धरला होता, त्यात सुधीर बघत होता. तिथं नेमबाजानं हाक दिली, की यंत्रावरचा माणूस बटण दाबून बशी सोडतो. सगळे "पुल!" म्हणतात. आत्यानं बंदूक खांद्याला लावली आणि खणखणीत हाक दिली, "अवंऽऽ!"

यंत्रावरच्या माणसानं वळून पाहिलं. "मुझे बुलाया क्या, अम्मा?"

सगळा माळ हसला. पंचही हसू दाबत म्हणाले, "बाईंनी काहीही म्हटलं तरी सोड बाबा."

"अवंऽऽ!"

बशी सुटली, वीस बोअर कडाडली आणि बशीचा नुसता धुरळा राहिला. मग डावीकडची, उजवीकडची, सरळ पळणारी. एखादी सुटली की आत्या तिला शिवी देऊन पुढचीवर राग काढायची. निम्म्याच्या पुढं ती कधी गेली हे मला पंचांच्या आधी कळलं, कारण मोबाइलमधून सुधीर नाचत ओरडत होता, "फुटली! आई, फुटली!"

बायकांत आत्या पहिली आली. कॉलेजच्या पोरी तिच्या पाया पडल्या आणि लगेच तिच्यासोबत सेल्फीही काढले.

"ठेव आई बंदूक," सुधीर म्हणाला.

आत्यानं मोबाइलमध्ये तोंड घातलं. "ठेवणारच. तुझ्या बायकोलाबी सांग, तिचा लई उपयोग झाला."

संध्याकाळी ती ओट्यावर बसून नळी पुसत होती. मी माझं शिक्षण बाहेर काढलं. "अगं आत्या, तिथं पुल म्हणतात. इंग्रजी शब्द आहे तो."

"म्हाईत हाय मला." ती कापड मागंपुढं करत राहिली. "लगीन झाल्यापास्नं तोंडात एकच हाक बसलेली. आता घरात मारली तर ओ कोण देणार? तिथं मारली, की कायतरी उठून निघतं तरी."

आत्यानं नळी उजेडाकडं धरून आत पाहिलं.

"तुझे मामा मातर," ती म्हणाली, "कवाच पहिल्या हाकंला उठले नायत."