पाटी लावली डावावर

सोलापुरात खरा गुप्तहेर एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल वीरभद्रप्पांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दुकानावर 'वीरभद्रप्पा, खासगी गुप्तहेर. चेहरा बघून माणूस ओळखतो' अशी मोठी पाटी होती. खाली बारीक अक्षरांत 'टॉवेल व चादरी होलसेल दरात' असंही होतं. गिऱ्हाईक खालची ओळ वाचूनच आत येई, ही गोष्ट वेगळी.

ती पाटी आता जाणार होती. पोकरपायी.

दर रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत डाव बसे. वीरभद्रप्पा, त्यांचा सहायक जोतीराम (मूळचा मोहोळचा, पगार टॉवेलच्या घड्या घालायचा, कटकट गुप्तहेरीची) आणि मंद्रूपहून येणारा मेहुणा सोमलिंग. पैशाचं नाव नाही, भाजके शेंगदाणे लावायचे. खेळ वीरभद्रप्पांनीच शिकवला होता. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मध्ये पाच उघडे: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून आपले उत्तम पाच जुळवायचे. जोडीपेक्षा दोन जोड्या भारी, त्याहून तीन सारखे भारी. त्यापुढचा क्रम गुरुजींना स्वतःलाच दर वेळी मोबाइलवर बघावा लागे. हातात पत्ते आले की बोली, मधले उघडले की पुन्हा बोली. पटलं तर समोरच्याइतके दाणे लावा, हिंमत असेल तर वाढवा, नाहीतर गुमान पत्ते टाका. बाकी सगळ्यांनी टाकले तर उरलेला जिंकला, त्यानं पत्ते दाखवायचीसुद्धा गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वीरभद्रप्पा समजावत. हा थापांचा खेळ, चेहरे वाचणाऱ्याचा.

आणि हरायचे तेच. त्यांनी थाप मारली की सोमलिंग हसत हसत दाणे लावी. खरोखर तीन राजे जमले की पत्ते टाकून निवांत तंबाखू मळायला घेई. गेल्या रविवारी दाणे संपले, तेव्हा वीरभद्रप्पांनी तावातावानं पाटीच लावली. हातात काही नव्हतं. गेली पाटी.

"पुढल्या रविवारी टेंपो आणतो, दाजी," सोमलिंग म्हणाला. "हौदाला झाकण पायजेच व्हतं की." जाण्याआधी एक शेवटचा डाव द्यायला मात्र तो कबूल झाला. त्याच्याकडून पाटी, दाजींकडून पाटी काढायची शिडी.

गुप्तहेराची पाटी हौदावर! वीरभद्रप्पांना भाकरी गोड लागेना. सोमलिंगला आपले पत्ते कळतात कसे? तपास सुरू झाला.

पहिला संशय पाठीमागच्या काचेच्या कपाटावर. त्यावर डबल बेडची चादर टाकली आणि जोतीरामशी डाव मांडला. जोतीराम जिंकला. मग पत्त्यांवर खुणा असणार म्हणून नवा कॅट आणला. जोतीराम पुन्हा जिंकला. तेव्हा जोतीरामच फितूर आहे असं सिद्ध होऊन त्याला कामावरून काढण्यात आलं, आणि चहा कोण आणणार हा प्रश्न आल्यावर परत घेण्यात आलं. तो बिचारा म्हणाला, "मला काय बी म्हाईत न्हाय, मालक. तुमी बोलला की आपोआप कळतंय."

आता एकच संशयित उरला. सोमलिंगची सख्खी बहीण, म्हणजे स्वतःची बायको ईरम्मा. चहाच्या कपांतून भावाला इशारे जात असणार! वीरभद्रप्पा उलटतपासणीला स्वयंपाकघरात शिरले. ईरम्मानं भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं आणि घरच्या कन्नडमध्ये शांतपणे सांगितलं, "पत्ते खरे असले की तुम्ही दाणे ओंदु, एरडु, मूरु असे मोजता. थाप असली की पुस्तकातल्यासारखं मराठी सुरू होतं. लग्न झाल्यापासून बघते मी. 'आज दुकानात फार काम होते', हे मला कधी कन्नडमध्ये सांगितलंय का?"

वीरभद्रप्पांनी उलटतपासणी तिथेच आवरती घेतली.

रविवार आला. पाटी उतरवून भिंतीला टेकवलेली, शेजारी शिडी. जोतीरामनं पत्ते वाटले. वीरभद्रप्पांना सत्ती आणि दुर्री आली, तीही वेगवेगळ्या रंगांची. यापेक्षा वाईट हात पोकरमध्ये नाही, हे त्यांनीच दोघांना शिकवलं होतं. मध्ये राजा, राणी, नव्वी, चौकी, तिर्री उघडली. सोमलिंगच्या मिशा हलल्या. त्याच्याकडे नक्की राजा होता.

वीरभद्रप्पा उठले, दुकानातून टॉवेलचा गठ्ठा आणला आणि एकेक टॉवेल डावावर ठेवू लागले. जिभेवर 'मी लावीत आहे' येऊन थडकलं होतं, ते त्यांनी घामासकट गिळलं. "ओंदु... एरडु... मूरु... नाल्कु..."

सोमलिंगचं तंबाखू मळणं थांबलं. बरोबरी करायची तर पोतंभर शेंगा लावाव्या लागणार होत्या. त्यानं दाजींकडे पाहिलं, टॉवेलांकडे पाहिलं, आणि राजांची जोडी जुळलेली असूनही पत्ते खाली टाकले. "एवढं कन्नड मोजलंय म्हंजी खरंच हाय," तो पुटपुटला.

पाटी वाचली. आता मूठ झाकलेलीच ठेवायची, एवढंच काम होतं. पण शेवटी सगळं उलगडून सांगितलं नाही तर तो गुप्तहेर कसला? वीरभद्रप्पांनी सत्ती-दुर्री उताणी टाकली.

सोमलिंग बघतच राहिला. "कन्नडमधी थाप? दाजी, ही अक्कल कुणाची?"

वीरभद्रप्पांनी कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा शोध सर्वस्वी माझ्याच बुद्धीचे फलित आहे."

आतली भाकरीची थापथाप थांबली. सोमलिंगनं जोतीरामकडे पाहिलं, जोतीरामनं छताकडे.

"मराठीत बोललात," आतून ईरम्मा कन्नडमध्ये म्हणाली.